दोन पायांचा ठेका

मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यावर शौनकचा स्टुडिओ होता. शनिवारी खालची यंत्रं बंद असत, म्हणून ड्रम शनिवारी दुपारी रेकॉर्ड व्हायचे. अल्बमचं शेवटचं गाणं उरलं होतं. डेथ मेटल, पण नुसत्या आरडाओरड्याचं नव्हे. दर दोन-चार ओळींनी ताल मोडून भलतीकडे वळणारं. मध्ये एक जागा अशी, की हात एका तालात आणि दोन्ही पाय दुसऱ्याच. बँडची बेसिस्ट रेवती हिने ती बांधली होती, आणि ड्रमर किरणला काही केल्या बसत नव्हती. वाकोल्याच्या घरी शेजारी ओरडू नयेत म्हणून तो उशांवर काठ्या मारून सराव करायचा.

पहिल्याच टेकला त्याचा उजवा पाय घसरला. ओशाळून तो ड्रमच्या काचेच्या खोलीतून बाहेर आला.

"सॉरी यार. परत घेऊ."

"कशाला? ऐक तर," शौनक म्हणाला.

स्पीकरवर ती जागा आली आणि सरळ निघून गेली. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

"मी इथे चुकलो होतो."

"वाट लागली म्हणत बसतोस आणि वाजवतोस झकास," रेवती म्हणाली.

दुसऱ्या वेळी शौनकची नजर स्क्रीनवर होती, रेवतीची फोनवर. त्या जागेपाशी किरणने मुद्दाम थांबून काठ्या मांडीवर ठेवल्या आणि उरलेलं गाणं हेडफोनवर नुसतं ऐकलं.

प्लेबॅकमध्ये ड्रम शेवटपर्यंत वाजले. शेवटी तर अशी एक कलाटणी, की रेवतीचा हात तोंडावर गेला.

"हे कधी सुचलं रे तुला?"

"मी वाजवतच नव्हतो."

शौनक हसला. मग त्याने एकेक माइक वेगळा करून ऐकला. प्रत्येकात ड्रम होते.

"हाच ठेवूया ना," तो हळूच म्हणाला.

किरणला भीती वाटली, पण त्याहून जास्त काहीतरी टोचलं. असं त्याला जन्मात वाजवता आलं नसतं.

"अल्बमवर नाव माझं येणार. वाजवणाराही मीच पाहिजे."

त्याने आत जाऊन जड दार लोटलं. आणि या वेळी ती जागा बसली. हात आपल्या वाटेने गेले, पाय आपल्या, आणि दोघं एकत्र येऊन भिडले. शेवटच्या ठोक्यानंतर तो धापा टाकत हसत होता.

हेडफोनमध्ये शौनकचा आवाज आला. "किरण, कधीही सुरू कर."

"काय?"

शौनक स्क्रीनकडे बघत वाट पाहत राहिला.

त्याने पूर्ण ताकदीने ड्रमवर काठी हाणली. कान बधिरले. काचेपलीकडे रेवती हनुवटी तळहातावर टेकून बसली होती.

"रेवती!"

तिने जांभई दिली.

हेडफोन काढून तो उठला आणि काचेसमोर, अगदी तिच्यासमोर उभा राहिला. तिची नजर त्याच्यावर नव्हती. ती त्याच्यामागच्या ड्रमकडे पाहत होती.

शौनकची मान डोलू लागली.

रेवती ताठ झाली. तिचा चेहरा उजळला. ओठ हलले. किरण.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. मागे वळून बघण्याची त्याची हिंमत झाली नाही. त्याने काचेवर तळहात टेकवला.

काच ठेक्यात थरथरत होती.