परत आलेले कप

"आज संध्याकाळी आमच्या पॅकिंगच्या हॉलला कुलूप लागणार, मास्तर! आणि खापर आमच्याच डोक्यावर!" मुकादमबाई दारातूनच कडाडल्या.

मास्तरांनी शाळा सोडून गुप्तहेरगिरी धरली होती. मदतीला बायकोचा भाऊ होता. त्याचं डोकं जरा निवांत चालायचं.

मुकादमबाईंची घरपोच माल पाठवणारी कंपनी आधीच डबघाईला आलेली. त्यात चहाचे कप फुटून परत येऊ लागले. मालकीणबाईंनी पॅकिंगच्या सगळ्या बायकांना काढून काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलं.

परतीच्या मालाच्या खोलीत तपासणीसाठी बंद खोके रचले होते. मास्तरांनी एकाच्या टेपचं दुमडलेलं टोक धरलं आणि एका ओढीत खोका उघडला. आत कपांचा चुरा!

"टोक दुमडायचं कशाला?"

"गिऱ्हाइकाला नखं घासत बसायला नको. हॉलमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही."

"या खोलीची किल्ली?"

"आम्हाला कोण देतंय! सल्लागार, कारकूनबाई आणि मॅनेजर, तिघांकडेच."

मास्तरांनी तिघांना एकेक करून बोलावलं आणि बोलता बोलता एकेक खोका बंद करायला दिला.

"नोकरकपात मी सुचवली, ठेकेदार नाही," सल्लागार म्हणाला. टेप त्याच्या टायलाच चिकटली. मेहुणा खो खो हसला.

कारकूनबाईंनी टेप तळव्यानं थापली. "कप परत करणारे लोक फोनवर 'रंग आवडला नाही' म्हणतात. फुटल्याचं कुणीच बोलत नाही. मॅनेजर म्हणतात, लोक खोटं सांगतात."

"मीही याच हॉलमधून वर आलोय!" मॅनेजरनं झटक्यात खोका बंद केला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो साडूभाऊ, उद्यापासून माणसं पाठवा."

संध्याकाळी सगळे मालकीणबाईंच्या खोलीत जमले.

"सल्लागारच, दाजी!" मेहुणा कुजबुजला.

"अहो मेहुणे, त्याला टेप आवरेना!" मास्तर पुढे झाले. "माल परत करताना गिऱ्हाईक टेप कशीही फासतं. पण परत आलेल्या या खोक्यांचीही टोकं दुमडलेली आहेत. म्हणजे कप धड आले, इथे फुटले, आणि हॉलमध्ये शिकलेल्या हातानं खोके पुन्हा बंद केले. किल्लीवाल्या तिघांत तसा हात एकच. हा बघा मॅनेजरांचा खोका!"

टोक सुबक दुमडलेलं होतं.

"सवय आहे माझी! तो काय गुन्हा झाला?"

"आणि ठेका साडूला, तीही सवयच का?"

मॅनेजरचं तोंड पांढरंफटक पडलं. मालकीणबाईंनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं.

"हॉल चालू राहील," त्या मुकादमबाईंना म्हणाल्या.

"हे मला एकटीला नका सांगू. बायकांना सगळ्यांदेखत बोल लावलात ना? मग सगळ्यांदेखतच सांगा."

मालकीणबाई मुकाट्यानं हॉलमध्ये गेल्या.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्यांनी कामावर या."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही, इतका जल्लोष झाला.