पाण्याकडचं फाटक

"सूर्य पाण्याला टेकला की हातातलं खाली ठेवायचं, केझाया. अर्धवट राहिलं तर राहू दे."

मर्ल मावशीचा हा आवाज मला कुठेही ऐकू येतो, आणि शुक्रवारी तर हमखास. शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ लागतो. मग शनिवारचा सूर्य बुडेपर्यंत काम नाही, व्यवहार नाही. त्या शुक्रवारी ब्रेडनट बे गावात टॅक्सीतून उतरले तेव्हाही तो आवाज कानात होता. तिथला एवढा मोठा बीच क्लब सूर्यास्ताच्या आत बघून व्हायला हवा होता. आरामखुर्च्या, न्हाणीघरं, जेवण, दारू, नोकरांची वागणूक... किंग्स्टनच्या आमच्या कंपनीचं कामच ते. साधी पाहुणी होऊन जायचं, कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि मार्क देऊन यायचं. त्या मार्कांवर परदेशातल्या प्रवासी कंपन्या ठरवतात, आपली माणसं तिकडे धाडायची की नाही.

टॅक्सीवाल्याने मला गावाच्या बाजूला सोडलं. क्लबचं मोठं दार टेकडीला वळसा घालून पलीकडे होतं. पण समोर समुद्र दिसत होता, पायवाट सरळ त्याच्याकडे उतरत होती, आणि पाय आपोआप वळले.

वाटेच्या टोकाला फाटक होतं. हिरवं, नवंकोरं, कुलूप घातलेलं. आत एक उंच तरुण उभा होता. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी – लेनॉक्स, बीच मॅनेजर.

"मिस, इकडून वाट बंद आहे."

"समुद्र तर उघडा दिसतोय."

"समुद्र उघडाच आहे." तो हसू दाबत म्हणाला. "वाट बंद आहे. क्लबच्या पाहुण्यांसाठी राखलेली."

मी स्वतःकडे पाहिलं. पायघोळ स्कर्ट, सपाट चपला, डोक्यावर गवती टोपी. पाहुणी दिसायला आणखी काय लागतं कोण जाणे! मी फोनवरचं बुकिंग फाटकाच्या गजांतून त्याच्यापुढे धरलं. ते वाचताना त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. किल्ली कुलपात घालताना दोनदा चुकली.

"माफ करा, मिस. मला वाटलं—"

"की मी गावातली आहे."

"हो."

"असते तर?"

त्याचा हात थांबला. खोटं बोलायला सोपं होतं. समोर पाहुणी होती, गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तर फाटक बंदच राहिलं असतं."

मला राग आला. चांगलाच आला. आणि रागाच्या तळाशी कुठेतरी... बरं वाटलं. माझ्या कामात खरं बोलणारा माणूस सहसा भेटत नाही.

झावळ्यांच्या छपराखाली बसून मी क्लबचे दोन नामांकित पदार्थ मागवले. भाजलेली शेवंड आणि रम पंच. दोन्ही सुरेख सजून आले, आणि दोन्ही तसेच पडून राहिले. एवढ्यात टेकडीवरून पावसाची एक सर आली. लोक ओरडत, हसत छपराखाली पळाले. मी पुस्तकात डोकं घातलं. वर बघितलं तर लेनॉक्स समोर.

"शेवंड बिघडली का, मिस?"

"वास तर छान येतोय."

"मग पंच कडक झालाय?"

"रंग छान आहे."

त्याने शेवंडीकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, मग माझ्याकडे. "सगळ्यांत महागडं मागवायचं आणि बोट लावायचं नाही. मिस, एक तर तुमचं मन कुणीतरी मोडलंय... नाहीतर तुम्ही आमची परीक्षा घ्यायला आलात."

"मी खोटं बोलत नाही, मिस्टर लेनॉक्स. म्हणून विचारू नका."

"म्हणजे मन कुणी मोडलेलं नाही!" त्याचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा पुस्तकात तोंड लपवावं लागलं.

"कवचातलं काही मी खात नाही आणि दारूला हात लावत नाही," मी पुस्तकालाच सांगितलं. "माझी नेमाची गोष्ट आहे."

"आणि कंपनीने तुम्हालाच पाठवलं?"

"माझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही, म्हणून."

तो खुर्ची ओढून बसला. "मग चाखायला माणूस लागेल. मी चाखतो, तुम्ही लिहा."

"तुम्ही स्वतःच्या क्लबला वाईट म्हणाल?"

"फाटकापाशी तुमच्याशी खोटं बोललो का?"

नव्हता बोलला. मी ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याने शेवंडीचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले. सावकाश चघळत राहिला.

"काय?"

"थांबा ना. कामात घाई नको." एक डोळा उघडून तो म्हणाला, "लसूण जास्त. जरा जास्त भाजलीय. पण माणूस समोर कोण बसलंय ते बघून खातो, त्यामुळे माझ्या मताला फार किंमत देऊ नका."

"पंच?"

"गोड. फार गोड. रम कुठे लपलीय ते शोधावं लागतं." तो पुढे झुकला. "लिहा की."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

सर जशी आली तशी गेली. माझ्या पोटातून आवाज आला आणि तो त्याने ऐकला. "आमच्या स्वयंपाकघरात सगळं एकाच तेलात तळतात," तो हळूच म्हणाला. "कोळंबीचंच तेल माशाला. तुम्हाला चालायचं नाही. फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली एक बाई बसते. तिच्या हातची तांबोशी खा."

"तुमच्या ओळखीची?"

"हो. माझ्याशी बोलत नाही."

बदामाखालच्या मिस आयसिल्डांनी तांबोशी तळून, वर व्हिनेगरमधला कांदा आणि मिरची घालून, कसावाच्या गरम भाकरीबरोबर माझ्यापुढे ठेवली. रुंद बांधा, डोक्याला रुमाल, आवाज असा की पलीकडच्या टेकडीने वळून बघावं.

"आतून आलीस? आणि खायला माझ्याकडे?"

"आतल्या उंच मॅनेजरनी पाठवलं."

"अस्सं." त्यांनी मासा उलटला, जरा जोरातच. "जिभेला अजून घरची चव आहे म्हणायची त्याच्या. मी जन्माला घातलाय तो."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"खा, खा, पोरी. तुझा काय दोष? ते फाटक लागल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही. आमच्या चर्चमधल्या मंडळीचे बाप्तिस्मे त्या पाण्यात होत आलेत. माझ्या आईचा झाला, नवऱ्याचा झाला. मीच राहिले होते. मला पाण्याची भीती. जन्म मासे विकण्यात गेला आणि गुडघ्यापुढे कधी समुद्रात गेले नाही!" त्या खो खो हसल्या, मग उलथनं खाली ठेवलं. "आता साठी उलटल्यावर धीर केला. उद्या आहे माझा बाप्तिस्मा. पाळक म्हणतात, आयसिल्डा, वाट बंद आहे, चर्चच्या मागच्या टाकीत घेऊ. मी म्हटलं, टाकीत चादरी भिजवतात, बायका नाही. उद्या मी त्याच फाटकाशी जाऊन उभी राहणार. बघू दे मला, पोटचा पोर आईला कसा अडवतो."

पुढची भाकरी मला गोड लागली नाही.

आत आल्यावर मी सरळ त्याला गाठलं. "उद्या तुमच्या आईचा बाप्तिस्मा आहे."

"माहीत आहे."

"आणि किल्ली तुमच्याकडे आहे."

"तेही माहीत आहे." तो वाळूकडे बघत होता. "मालक म्हणालेत, उद्या गावाला आत सोडलंस तर किल्ल्या ठेव आणि घरी जा. पण तुमचे मार्क चांगले आले ना, तर हा सगळा क्लब माझ्या हातात येईल. मग मी स्वतः त्या फाटकाचं—"

"तोवर आईने टाकीत भिजायचं?"

लाटेचा फेस आमच्या पायांपर्यंत येऊन परत गेला. मग अगदी हळू, गजांमागे उभा असल्यासारखा तो म्हणाला, "मिस केझाया, एक सांगू? तुम्ही आज त्या चुकीच्या वाटेने आलात ते..."

"आत्ता नको."

"का?"

"आत्ता माझ्या हातात तुमचे मार्क आहेत. तुम्ही गोड बोलणार आणि मी त्यातली साखर मोजत बसणार. मला ती मोजायची नाहीये." माझा आवाज मुळातच लहान आहे. पण त्या वेळी मला तो ऐकू आला. "सूर्य बुडाला की मी कुणाची परीक्षक नसते. तेव्हा बोला. बोलावंसं वाटलं तर."

तेवढ्यात फोन वाजला. किंग्स्टनहून आमचे फेअरक्लफ साहेब.

"केझाया, संध्याकाळचा कार्यक्रमच तिथला मुख्य. मशाली, ढोल, नाच. तो बघून मग मार्क दे."

"सूर्यास्तानंतर मी काम करत नाही, सर. तुम्हाला ठाऊक आहे."

"एक संध्याकाळ! देव काय रुसणार आहे का?"

"देव रुसणार नाही, सर. मीच रुसेन स्वतःवर. त्या रकान्यात 'पाहिलं नाही' लिहीन."

"मग सोमवारी मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"बघा, सर." मी फोन ठेवला.

मी पाण्याजवळच्या दगडावर बसून मार्क भरले. जेवण बरं. स्वच्छता उत्तम. वागणुकीला पैकीच्या पैकी, कारण ते खरंच होतं. शेवटी 'पाहुण्यांचा निवांतपणा' हा रकाना आला. क्लबचा सगळा भरवसा त्यावर, फाटक त्याच्यासाठीच बांधलेलं. मी तिथे शून्य दिलं आणि खाली लिहिलं – गावाची वाट अडवून मिळवलेला निवांतपणा पाहुण्यांना विकू नये. मग एकदाच डोळे मिटले आणि पाठवून दिलं.

पश्चिमेला पाणी लाल झालं. सूर्याची कड टेकली... बुडाली. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. मागे मशाली पेटत होत्या, ढोल सुरू झाला होता. ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणून उठले तेव्हा लेनॉक्स चार पावलांवर उभा होता. माझं होईपर्यंत थांबलेला.

"मार्क गेले," मी म्हटलं. "फाटकाला शून्य दिलंय. क्लब तुमच्या हातात यायचा नाही बहुतेक."

तो वळला आणि किनाऱ्याने दूर चालत गेला. मी दगडाशी उभी राहिले. वाटलं, झालं. साखर होती ती, विरघळली. बरं झालं न मोजता कळलं... पण डोळ्यांना ते पटेना, ते आपले भरून आले.

पावलांचा आवाज परत आला.

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"तुमचा नाही. तुम्ही एका दुपारी जे लिहिलंत ते मला इतके दिवस बोलता आलं नाही, त्याचा." तो थांबला. "आता तुमच्या हातात मार्क नाहीत ना?"

"नाहीत."

"आणि मला तुमच्याकडून काही मिळायचं नाही?"

"काही नाही. माझी नोकरीसुद्धा गेल्यात जमा आहे."

"मग सांगतो. तुम्ही मघाशी पुस्तकात तोंड घातलंत ना, ते पुस्तक उलटं होतं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही."

मला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांतलं पाणी खाली आलं. त्याने रुमाल पुढे केला. मी तो घेतला. बोटं बोटांना लागली आणि दोघांपैकी कुणीच ती लगेच काढून घेतली नाहीत.

"उद्या आईला घरून मी घेऊन येणार," तो म्हणाला. "पुढे मालक काय करतील ते करोत. पण..." एवढा उंच माणूस, आता शब्द शोधत होता. "आमच्याकडे बाप्तिस्मा झालेली बाई पाण्यातून बाहेर येते ना, तेव्हा काठावर कुणीतरी चादर घेऊन उभं असतं. तिला गुंडाळून घ्यायला. घरचीच बाई लागते. मुलगी, नाहीतर सून. आमच्या घरात... दुसरी बाई नाही."

ढोल वाजत होता. मला माझ्या छातीतला तेवढा ऐकू येत होता.

"हे तू मला कामाला लावतोयस, लेनॉक्स? शब्बाथाच्या दिवशी?"

"काम नाही गं ते," तो घाईने म्हणाला. "विचारतोय. नाही म्हणालीस तरी आईला मी आणणारच आहे."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं ठरलं.

"येईन," मी म्हटलं.

क्लबचं बुकिंग दिवसापुरतंच होतं; रात्री मुक्कामाला मी गावच्या मंडळीतल्या व्हर्नाबाईंकडे होते. सकाळी त्यांच्याकडे पांढरी चादर मागितली.

"चादर? कुणासाठी?"

"मिस आयसिल्डांसाठी."

व्हर्नाबाई कपाट उघडता उघडता थांबल्या. मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "धरणार कोण?"

"मी."

"हं!" त्या एवढंच म्हणाल्या, पण वरची जुनी चादर बाजूला सारून तळातली, लेसची काढली.

बाहेर गाणं ऐकू आलं. मी ओट्यावर गेले. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी रस्त्याने उतरत होती. सगळ्यांच्या पुढे मिस आयसिल्डा, डोक्याला पांढरा रुमाल, एरवी टेकडीला हलवणारा आवाज आज थरथरणारा. त्यांचा हात लेनॉक्सच्या हातात होता. त्याच्या शर्टावर नावाची पट्टी नव्हती. पँट घोट्यांवर दुमडलेली. दुसऱ्या हातात किल्ली उघडी धरलेली, कुणालाही दिसावी अशी. तो वाटेकडे वळला, फाटकाच्या रोखाने, आणि सगळी मंडळी त्याच्यामागून वळली.

त्याने कुठे वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. चादर छातीशी धरली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरले.