कूलरचा पंप आणि समुद्रातला स्पंज

मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायला लागली, त्याच आठवड्यात शिवगंगा वीरभद्रच्या कूलर-दुरुस्तीच्या दुकानात शिरली.

"एक पंप हवाय."

"कोणत्या कूलरला, मॅडम?"

"कूलरला नाही… स्पंजला."

वीरभद्रच्या हातातला पाना तसाच राहिला. "आंघोळीच्या?"

"समुद्रातल्या. जिवंत प्राणी असतो तो." तिने ओढणीने कपाळ टिपलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती नवं औषध शोधायला स्पंजांचा अर्क काढायची. अर्क आटवताना वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती सारखं पाणी खेळवावं लागे. नळ सोडून ठेवायचे दिवस गेले होते. एकच बादली पंपाने पुन्हा पुन्हा फिरवायची, असं तिने ठरवलं होतं.

"इथं प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही समुद्र घेऊन बसल्या!" तो हसला. "गाव कोणतं?"

"उदगीर."

"हां! जिल्हा होणार-होणार म्हणणारे!"

"होईलच," ती फणकारली. हसू मात्र लपलं नाही.

पंप बसवायला तो स्वतः आला. मग पंप कुरकुरतो का बघायला आला. मग पंप मुकाट चालत असतानाही आला, बर्फाचा तुकडा घेऊन.

"हे कशाला?"

"पाणी गार राहावं म्हणून. तुम्ही काय समजल्या?"

बर्फ बादलीत सोडताना दोघांची बोटं ओली झाली. कुणीच ती लगेच पुसली नाहीत.

"पर हा स्पंज औषध कशाला बनवतो?" त्याने विचारलं.

"त्याला पळता येत नाही ना! जन्मभर एकाच खडकाला चिकटलेला. शत्रू आला की रसायनं सोडूनच तग धरायचा." तिने कोपऱ्यातली झाकलेली बशी दाखवली. "या अर्काने जंतू मेले, तर बशीतल्या जंतूंच्या थरात स्वच्छ गोल दिसेल. मग पुढचं काम गोव्याला, दोन वर्षं. नाही दिसला, तर… सगळं इथंच संपलं."

वीरभद्र पंपाकडे बघत राहिला. "म्हंजे गोल दिसला, की तुम्ही जाणार."

दुसऱ्या सकाळी तो आला, तेव्हा तिने बशी उजेडात धरली. चार आण्याएवढा स्वच्छ गोल!

"दिसला की वो!" तिच्याआधी तोच ओरडला. आणि मग उगाच पंपाची नळी चाचपायला लागला.

"आनंद झाला न्हाई का?" तिने त्याच्याच बोलीत विचारलं.

"लई झाला. पर… माझंबी स्पंजासारखंच हाय, मॅडम. दुकान, घर — जागचं हलता येत न्हाई. अन् जीव जडला समुद्राकडं निघालेल्या माणसावर."

शिवगंगाचे कान तापले. "जागचा हलत नाही, म्हणून तर स्पंज शोधणाऱ्याला पुन्हा सापडतो."

"कधी येणार पुन्हा?"

"उदगीर जिल्हा व्हायच्या आत."

"अरे देवा! त्याचा काय भरवसा—"

"व्हायच्या *आत* म्हटलं. म्हणजे दिवाळीलासुद्धा. आणि मॅडम म्हणणं बंद करा."

"मग काय म्हणू?"

तिने बादलीतलं ओंजळभर गार पाणी त्याच्या तोंडावर उडवलं. भर दुष्काळातली तिची ती पहिलीच उधळपट्टी.