नववा कौल

मोरजाईगडावर पहाट नेहमी उशिरा उतरत असे. पूर्वेचा डोंगर उंच, त्यामुळे खालच्या खोऱ्यात कोंबडे आरवून थकले तरी वर सदरेवर अंधूकच असे, आणि मग एकाएकी देवीच्या कळसाला ऊन लागले की सारा गड डोळे चोळीत उठे. त्या दिवशी मात्र ऊन येण्याआधीच गड जागा होता. नगारखान्यापासून सदरेपर्यंत सडे पडले होते, दरवाजांना आंब्याचे डहाळे लागले होते, कारण त्या दिवशी गादीला धनी मिळायचा होता.

भवानराजे निपुत्रिक वारले त्याला महिना झाला होता. गादीवर हक्क सांगणारे भाऊबंद दोन. रायाजीराजे म्हणत, शेवटचा माणूस पडेपर्यंत लढू. दौलतराजे म्हणत, तह करू, माणसे राखू. मोगलांचा यावरखान पंधरा हजार फौजेनिशी केवड्याच्या खिंडीपाशी येऊन ठेपला होता, आणि खिंडीत गडाची पाचशे माणसे त्याला अडवून धरीत होती. या एका प्रश्नावरून गड असा दुभंगला होता की पाणवठ्यावर बायका एकमेकींच्या घागरीला हात लावीनात आणि सख्खे व्याही एका पंगतीला बसेनात.

राजा निवडायचा तो नऊ मानकऱ्यांनी. सदरेवर दोन पाट मांडीत आणि मानकरी ज्या पाटासमोर आपली दरबारी पगडी ठेवी, तो त्याचा कौल. मानकरी मोहिमेवर असला तर त्याची पगडी तबकात घालून त्याची पत्नी येई. आधी तिला विचारीत, "पगडीचे धनी कुशल?" तिने "कुशल" म्हटले की कौल पक्का. धनी पडला असेल तर मात्र त्या घराचा कौल तेराव्यापर्यंत मुका. आणि कौल सम पडले, तर निवाडा थोरल्या मानकऱ्याचा.

म्हाळसाबाईंचे यजमान सरदार हैबतराव रणनवरे खिंडीत होते, आणि त्यांच्या बरोबर वीस वर्षांचा एकुलता एक सुभानजी. म्हाळसाबाई न्हाऊन देवघरात तबक पुशीत होत्या, तोच मागच्या दाराने कान्हू जासूद आत आला. तो मुजरा करायचे विसरला, तेव्हाच त्यांना कळले.

"कोण?" त्यांनी विचारले. "धनी की लेक?"

"धनी," कान्हू म्हणाला. "काल दिवस बुडताना. छातीत गोळी. धाकटे सरकार धडधाकट आहेत, आईसाहेब."

म्हाळसाबाईंचा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"काही बोलले?"

"बोलले. म्हणाले, तिला सांग, पगडी दौलतराजांच्या पाटापुढे ठेव. पाचशांतली दीडशे उरली आहेत. तह कर म्हणावं, पोरं घरी आण." कान्हूने डोळे पुसले. "डोली निघालीय. घाट चढून यायला दुपार कलेल."

आठ कौल कुणाचे कुठे पडणार, हे गडावरची शेंबडी पोरेसुद्धा जाणत होती. चार इकडे, चार तिकडे. नववा कौल मुका झाला तर निवाडा थोरले मानकरी शिदोजीबाबांचा, आणि शिदोजीबाबा रायाजींचे. मग उरलेली दीडशेही त्याच खिंडीत संपायची, सुभानजीसकट.

"कान्हू, डोली येईपर्यंत तू या घराबाहेर पडायचं नाहीस."

"आईसाहेब, सुतकात सदरेवर जायचं? देवीला काय सांगाल?"

"देवीला आणि मला एकमेकींशी बोलायला पुढं सारा जन्म आहे," त्या म्हणाल्या, आणि करंड्यातले मेण बोटाला घेऊन त्यांनी कपाळावर नवे कुंकू रेखले.

सदर भरली होती. सातांनी पगड्या ठेवल्या; चार रायाजींकडे, तीन दौलतराजांकडे. खिंडीतल्या दुसऱ्या मानकऱ्याची तरणी बायको रेवूबाई पुढे झाली. तिला विचारले, तिने "कुशल" सांगितले, आणि डोळे गच्च मिटून तबक दौलतराजांच्या पाटापुढे ठेवले. चार आणि चार.

"रेवू, नवरा लई आवडता दिसतो गं!" मागून कुणीसे म्हणाले. बायका हसल्या.

"तुमचा नावडता असंल तर पाठवा की खिंडीत," रेवूबाई वळून म्हणाली, आणि हसणे बंद झाले.

मग म्हाळसाबाई उठल्या. शिदोजीबाबा काकडे सत्तरीचे, हैबतरावांचे सख्खे मामा. त्यांनी पांढऱ्या भुवयांखालून सुनेकडे पाहिले.

"सूनबाई, आमच्या भाच्याला आम्ही मांडीवर खेळवला आहे. पाठ दाखवणारं रक्त नाही ते. तबक ठेवण्याआधी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा."

"तोच आहे, मामासाहेब."

"पगडीचे धनी कुशल?"

म्हाळसाबाईंना वाटले, आपले ओठ उघडले की आतला हंबरडाच बाहेर पडणार.

"कुशल," त्या म्हणाल्या.

आणि चार पावले चालून त्यांनी तबक दौलतराजांच्या पाटापुढे ठेवले.

नगारा झडला. दौलतराजे गादीवर बसले. भला माणूस, अंगाने किरकोळ, बोलताना गोंधळणारा. त्यांचा पहिला हुकूम तहाचा निघाला. वकिलासाठी घोडे आणले, खलित्याला मेणाची मोहोर लागली, आणि म्हाळसाबाईंच्या मनात आले की आता घरी जावे, दार लावावे आणि रडावे.

तेवढ्यात महादरवाजाकडून आरोळी आली. डोली दुपारची यायची ती दोन प्रहर चढण्याआधीच आली होती. रात्रभर कुठेही न टेकवता ती आणली होती सुभानजीने, बापाला स्वतः खांदा देऊन. सदर सारी दरवाजाकडे धावली. हैबतरावांची छाती रक्ताने काळी पडली होती. रायाजींकडचे, दौलतराजांकडचे, सारे एका गळ्याने रडू लागले. जे महिनाभर एकमेकांची तोंडे पाहत नव्हते, ते एकमेकांच्या गळ्यात पडले.

म्हाळसाबाईंनी पोराचा हात धरला. "आलास. आता कुठं जायचं नाही."

सुभानजीने हात सोडवून घेतला. तो डोलीच्या दांडीवर चढला आणि घसा फाडून ओरडला, "आबासाहेबांना मारणारा खान अजून खाली जेवतोय! कोण येतंय माझ्याबरोबर?"

"हर हर महादेव!" सारा गड गर्जला.

त्या गर्जनेत शिदोजीबाबांनी एका भोयाला विचारले, "केव्हा पडला?" भोई म्हणाला, "काल सांजच्याला." म्हातारा वळला आणि सुनेपाशी आला.

"सूनबाई, कौल खोटा होता."

"होता. मोडा."

"मोडून काय होणार?" ते हळूच म्हणाले. "मोडला तर गादी रायाजीची, तो आज निघेल. नाही मोडला, तर हा दौलत उद्या निघेल. ऐका जरा लोकांचं."

दौलतराजे गर्दीतून वाट काढीत आले. वकिलाच्या हातातला खलिता त्यांनी परत घेतला होता. त्यांनी वाकून म्हाळसाबाईंच्या पायाला हात लावला. डोळे खरोखरीच भरले होते त्यांचे.

"काकीसाहेब, ज्या घराच्या कौलाने मी राजा झालो, त्या घरच्या रक्ताचा सूड न घेता तह करू? उद्या पहाटे मी स्वतः निघतो."

"राजे, त्यांनी तहच मागितला होता हो! मरताना मागितला!"

"मरताना? काकीसाहेब, तुम्हांला काय ठाऊक ते कसे गेले?" राजे कळवळून म्हणाले, आणि बायकांना खूण केली. "ह्यांना आत न्या. शोकानं भान गेलंय."

कान्हूला साक्षीला बोलवावे, तर कौल मोडतो. न बोलवावे, तर शब्द वाऱ्यावर. म्हाळसाबाई तशाच उभ्या राहिल्या, आणि बायका त्यांच्या बांगड्या फोडू लागल्या.

सुभानजीने संध्याकाळी बापाला अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी खिंड गाठली. आठव्या दिवशी तो पडला. श्रावणात तह झाला. कलमे जुनीच, वर दोन ठाणी जास्त द्यावी लागली. खिंडीतून एकतीस माणसे घरी आली, त्यांत रेवूबाईचा नवरा होता, एका डोळ्याने अधू. शिदोजीबाबांनी त्या कौलाबद्दल मरेपर्यंत तोंड उघडले नाही.

पुढे नवरात्रात सदरेवर गोंधळी आला. त्याने नवा पोवाडा बांधला होता. कपाळीचे कुंकू पुसण्याआधी जिने धन्याच्या सुडासाठी झुंजार राजा निवडला आणि पोटचा पोर रणात धाडला, त्या म्हाळसाबाईचा. ऐकताना गड ढसाढसा रडला. मानाची जागा अर्थातच त्यांची होती. पुढच्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, त्या शेवटच्या कडव्यापर्यंत ताठ बसल्या. बिदागीची शाल त्यांच्याच हातून द्यायची होती.

गोंधळी वाकला. "आईसाहेब, काही उणंअधिक गायलो असेन तर पदरात घ्या."

म्हाळसाबाईंनी शाल त्याच्या खांद्यावर घातली.

"चाल बरी आहे," त्या म्हणाल्या.