सान एराक्लिओचं फाटक

सेनाइदा माकास आली होती ती आत्याला न्यायला. दुसरं काही काम नव्हतं. त्रान्सितो आत्याचे गुडघे गेले होते, तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर जागोजाग गळत होतं, आणि खाली माचालाच्या बंदरात सेनाइदाकडे एक खोली रिकामी होती. सकाळच्या बसनं डोंगर चढायचा, आत्याचं किडुकमिडुक बांधायचं आणि दुपारी तिला घेऊन उतरायचं, असा साधा बेत होता.

बस गावात शिरली तिथं नवी पाटी लागली होती. ‘निवांत सान एराक्लिओ. सोन्याच्या खाणीचं गाव. या, विसावा घ्या.’ पाटीवर हसऱ्या खाणकामगाराचं चित्र होतं, गाल गुबगुबीत. सेनाइदाच्या कपाळाची शीर ताठ झाली. या गावात गुबगुबीत गालाचा खाणकामगार तिनं जन्मात पाहिला नव्हता.

गाव मात्र खरंच निवांत होतं. कंपनीनं बांधलेली लाकडी घरं उतरणीवर एकमेकांना टेकून उभी, गॅलऱ्यांच्या कठड्यांत नेचे उगवलेले, भिंतींना हिरवी बुरशी. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडाला चिकटत होती. ज्या गावातली निम्मी माणसं डोंगरानं गिळली आणि उरलेली केळीच्या बागांत मजुरीला पांगली, ते निवांत नसेल तर काय असेल.

आत्या दारातच बसली होती. चुलीवर कॉफी, ताटलीत कच्च्या केळ्याचा कुस्करून तळलेला गोळा. सामान काही बांधलेलं दिसेना.

“आत्या, मी पत्र धाडलं होतं ना?”

“मिळालं की. येणार नाही म्हणतेय का मी? खा आधी.” आत्यानं ताटली पुढे सरकवली. “येते. पण त्याआधी तू बोगद्यात जाऊन ये.”

“कुठं?”

“बोगद्यात. नगरपालिकेनं उघडलाय. दिवे लावलेत. दर शनिवारी लोक बघायला येतात.” आत्यानं कॉफीचा घोट घेतला. “आणि दाखवतो कोण, माहितीय? उल्पियानो.”

सेनाइदाच्या हातातला घास हातातच राहिला.

उल्पियानो मुकादम. सेनाइदा लहान होती तेव्हा खाणीच्या खालच्या थरात आग लागली. धूर मुख्य बोगद्यातून वर यायला लागला. खाणीतलं सोनं अजून संपायचं होतं, आणि आग पसरली असती तर सगळी खाण गेली असती. कंपनीच्या गोऱ्या इंजिनियरनं हुकूम दिला, हवा तोडा. उल्पियानोनं माणसं लावून बोगद्यात भिंत उभी केली. पलीकडे सकाळची पाळी होती. त्या पाळीत सेनाइदाचा बाप होता, एलिसेओ. ते सगळे धुरानं आधीच मेलेत, असं कंपनीनं सांगितलं. पण भिंत वाळल्यावरही आतून ठोकल्याचा आवाज येत राहिला. बायका फाटकाशी धरणं धरून बसल्या, तेव्हा मुकादम बाहेर येऊन म्हणाला, “पाणी आहे ते. पाणी ठिबकतंय. घरी जा आणि स्वयंपाकाला लागा.”

‘स्वयंपाकाला लागा’ हे शब्द सेनाइदाची आई मरेपर्यंत विसरली नाही.

“अजून जिवंत आहे तो?” सेनाइदानं विचारलं.

“असल्या लोकांना मरण कुठलं. तू ऐकून ये तो काय सांगतो ते. माझं जाऊन सगळं ऐकून झालंय, मी बाहेर बसते.”

बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी गजांचं जुनंच फाटक होतं, रंग नवा. आत्या शेजारच्या बाकावर टेकली. आत शिरणारे मोजके तिघंच, सेनाइदा आणि राजधानीतून, कीतोहून आलेलं एक तरुण जोडपं. उल्पियानो पिवळं हेल्मेट घालून उभा होता. वाळून खारकेसारखा झाला होता, पण पाठ ताठ होती आणि आवाज तोच, हुकूम सोडायला बनलेला. त्यानं सेनाइदाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. ओळखलं नाही.

आत गारवा होता. छताला ओळीनं पिवळे बल्ब. एक वळण घेतलं की मागचा उजेड दिसेनासा व्हायचा, आणि मग पुढे थोड्या अंतरावर ती भिंत. करडी, उभी, अंगावर येणारी. उल्पियानो चालता चालता सांगत होता, गाड्या कशा ओढायचे, सुरुंग कसे लावायचे. जोडपं फोटो काढत होतं.

“आणि ही भिंत कसली?” मुलीनं विचारलं.

“पलीकडे पाणी भरलं म्हणून बांधली,” उल्पियानो म्हणाला. “आमच्या खाणीत कधी अपघात झाला नाही, बाई. कंपनी शिस्तीची होती. इथं उभे राहा, फोटो छान येतो.”

मुलगी भिंतीला पाठ लावून हसत उभी राहिली.

“सरक तिथून,” सेनाइदा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण मुलगी झटकन सरकली.

“पलीकडे माणसं आहेत. त्यांना आत ठेवून ही बांधली. यानंच बांधली.”

उल्पियानोनं मान वळवली. हेल्मेटच्या दिव्याचा झोत तिच्या तोंडावर आला. “कुणाची गं तू?”

“एलिसेओ माकासची.”

त्यानं हातातली काठी जमिनीवर टेकली. मग कंटाळल्यासारखा सुस्कारा टाकून म्हणाला, “ते आधीच मेले होते, पोरी. हुकूम वरून आला होता. मी काय, हुकमाचा ताबेदार. जुनी गोष्ट झाली ही.”

“मेले होते, तर ठोकत कोण होतं?”

“सांगितलं होतं तेव्हाच. पाणी.”

आणि तेव्हा भिंतीतून आवाज आला. ठक्. थोडं थांबून पुन्हा, ठक्. घाई नव्हती त्यात. दार उघडणारच आहे हे माहीत असलेला माणूस ठोठावतो तसं.

जोडपं एकमेकांना धरून वळलं आणि धावतच बाहेर गेलं. सेनाइदालाही पळावंसं वाटलं. पण पाय निघेनात. आवाज ऐकायला उल्पियानोनं कान दिला नाही, दचकलाही नाही. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, हातातली काठी उचलली आणि भिंतीवर हाणली.

“गप बसा रे,” तो खेकसला. “पाहुणे आलेत तेवढं तरी गप बसा, हरामखोरांनो.”

भिंत गप्प झाली.

सेनाइदाला आधी कळलंच नाही, आपण काय ऐकलं. मग कळलं, आणि भीती होती तिथं आगीचा लोळ उठला. हा दर वेळी ऐकत होता. त्यांच्याशी बोलत होता. मजुरांना दटावावं तसं दटावत होता, आणि ते... ते अजूनही त्याचं ऐकत होते.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “एवढी वर्षं... माहीत होतं तुला.”

“मुकादमाला सगळं माहीत असावं लागतं,” तो म्हणाला आणि काठीनं बाहेरची दिशा दाखवली. “चल, नीघ. दिवे बंद करायचेत मला.”

ती निघाली. वळणापर्यंत बोगद्याच्या कडेच्या कातळाला हात लावत चालली, पुढे उजेड आला. फाटकाशी आली तेव्हा दुपारचं ऊन सरळ डोक्यावर होतं, आणि गावात चिटपाखरू नव्हतं. ती वळली. फाटकाची कडी बाहेरून होती. जाड, तेल दिलेली. आतून उल्पियानोची काठी टक टक वाजत होती, तो अजून बराच आत होता.

सेनाइदाचा हात कडीवर गेला. लोखंड तापलं होतं, तरी तिनं हात काढला नाही.

“लाव,” बाकावरून आत्या हळूच म्हणाली.

कडी हलकी होती. एका बोटानं सरकली असती. आई मरताना शेवटच्या तापात भिंतीवर मुठी आपटायची, ते सेनाइदाला आठवलं. मनात आलं, कळू दे याला. एक दुपार तरी कळू दे.

मग तिनं हात मागे घेतला. “नाही. मी त्याच्यासारखी नाही.” आणि रागानंच तिनं फाटक पुरतं मागे ढकललं, कडेच्या कातळाला आदळेपर्यंत, आणि ते परत लोटलं जाऊ नये म्हणून खाली दगड लावला. “येऊ दे त्याला बाहेर. इथंच विचारते चारचौघांत.”

दोघी बाकावर बसून राहिल्या. आतली टक टक थांबली होती. तो काही येईना.

आधी वास आला. ओल्या सिमेंटचा, गार, मातकट. मग आवाज. पत्र्यावर फावडं घासल्याचा, खर्र... खर्र... माल कालवताना होतो तो. पुष्कळ हात एकदम काम करत असावेत तसा. कुणी बोलत नव्हतं. बोलत होता फक्त उल्पियानो.

“कोण रे तिकडे? कुणी सांगितलं तुम्हाला इथं काम काढायला? ए... ठेव ते खाली. ऐकू येत नाही का रे?”

खर्र. खर्र. थापी दगडावर आपटल्याचा आवाज.

“अरे, मी बोलतोय. मी... मुकादम बोलतोय.”

आत्यानं सेनाइदाचा हात धरला. आत्याचा तळवा कोरडा आणि गरम होता.

“ऐका तरी. अहो... अहो दादा, जरा ऐकून घ्या. वरून हुकूम होता हो. एलिसेओ, तुम्ही तरी सांगा ना यांना... एलिसेओदादा...”

बापाला त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलेलं सेनाइदानं ऐकलं. ती उठली, आत धावली, पण वळणाच्या अलीकडेच बल्ब एकेक करून विझत तिच्याकडे येऊ लागले आणि तिचा धीर सुटला. ती उलटी फिरली आणि गावाकडे पळत सुटली, दारं ठोठावत, माणसं उठवत.

पोलीस आला, त्याच्यामागे सातआठ गडी, कुदळी, बॅटऱ्या. जोडपं पोलिसाच्या चौकीतच थरथरत बसलेलं होतं, त्यामुळे कुणी तिला वेड्यात काढलं नाही. आत्या बाकावर होती तशीच बसलेली. “कुणी बाहेर आलं?” पोलिसानं विचारलं. “कुणी दिसलं नाही मला,” आत्या म्हणाली. “मधे जरा गार वारा सुटला. बरं वाटलं.”

वळणावर, जिथून पुढे जुनी भिंत दिसायची, तिथं आता नवी भिंत होती. जमिनीपासून छतापर्यंत. अजून ओली. बॅटरीच्या उजेडात चमकत होती.

गडी उभे राहिले. कुदळ कुणी उचलेना. त्यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या पाळीत होतं. पलीकडून अगदी बारीक आवाज येत होता, नखं घासल्यासारखा.

“पाणी असेल,” एक जण म्हणाला. कुणी हसलं नाही.

“फोडा,” सेनाइदा म्हणाली. “मी सांगते, फोडा. नाहीतर उद्या आपल्याला आणि त्याला वेगळं कुणी ओळखायचं नाही.”

तिनंच कुदळ घेतली. पहिला घाव तिनं घातला, मग इतर पुढे झाले. माल कच्चा होता, भसाभस कोसळला. पलीकडे बोगदा रिकामा. उल्पियानोचं हेल्मेट जमिनीवर पडलं होतं, दिवा चालू. जुनी भिंत समोर उभी, कोरडी, एक चीर नाही. माणूस नव्हता. जायला दुसरी वाट नव्हती. जुन्या भिंतीला कान लावून सगळे उभे राहिले. आतून काहीच आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

परतताना पोलिसानं नव्या भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर बॅटरी धरली आणि तो थांबला. आतल्या बाजूनं ती ओबडधोबड होती, माल बाहेर आलेला. बाहेरच्या बाजूनं मात्र गिलावा कसा नीट, थापीनं घोटून गुळगुळीत केलेला.

“बाहेरून लिंपलीय,” तो हळूच म्हणाला. “बांधणारे... या बाजूला होते.”

सगळ्यांनी एकदम फाटकाकडे पाहिलं. ते सताड उघडं होतं, दगड लावून.

शेवटच्या बसला दोघीच होत्या. आत्यानं एका थैलीत जेवढं मावलं तेवढं घेतलं होतं, घराला कुलूपही लावलं नव्हतं. सूर्य टेकला होता. उताराआधीच्या छोट्या चढाला ड्रायव्हरनं गिअर टाकला, पुन्हा टाकला, आणि आरशातून मागे पाहिलं.

“दोनच बाया ना तुम्ही?”

“दोनच,” सेनाइदा म्हणाली.

“मग गाडी अशी का ओढतेय? जत्रेची भरली असल्यासारखी.” तो पुटपुटला. “टायर बघायला हवेत.”

मागे कुठली तरी सीट करकरली. सेनाइदानं वळून पाहिलं नाही. ओल्या सिमेंटचा वास हळूहळू सगळ्या बसमध्ये पसरला.

“आत्या,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “तो इंजिनियर... हुकूम देणारा. तो कुठं असतो आता?”

“माचालालाच. बंदरावर. पांढरा बंगला आहे, नातवंडं आहेत.” आत्यानं शेजारच्या सीटवरची थैली उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे अंग चोरून बसली. “दमलेत गं. बसू देत त्यांना.”