शहापूरचं ओलं इरलं

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या आईच्या मावशीवर, सोमीवर हे गुदरलं. तिच्या तोंडून मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

साल १९३९. चैत्र महिना. जागा शहापूर.

तिथे एका हौशी डॉक्टरांनी जुन्या वस्तूंचं संग्रहालय थाटलं होतं. वसईकडच्या होडीचा नांगर, कोळ्यांची जाळी आणि इकडच्या डोंगरपाड्यांतल्या वस्तू. कमळाकर नावाचे कारकून देखरेख करायचे. सोमी झाडलोट करायची. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. काम सुटलं तर चूल बंद.

भिंतीवर एक इरलं टांगलेलं होतं. भरपावसात लावणी करताना बाया पाठीवर घेतात ते. बांबूच्या कामट्या, वर पानं.

एका सकाळी त्याच्याखाली पाणी साचलं होतं...

"सोमे, पाणी शिंपडतेस का तू?"

"नाय दादा. कोरडंच झाडते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी.

तिसऱ्या दिवशी चिखल.

कमळाकरांनी वर चढून कौलं तपासली. सगळी कोरडी ठणठणीत. मग त्यांनी सोमीकडची किल्ली काढून घेतली.

"वस्तू कुजतेय. डॉक्टरांच्या कानावर घालावं लागेल."

सोमी म्हणाली, "आज मला आत कोंडा. तुमी पण बसा. मंग घाला कानावर."

भर दुपारी दोघं आत बसले. दाराला आतून कडी.

बराच वेळ काहीच नाही.

मग बाहेरचे कावळे एकदम गप्प झाले...

टप्.

इरल्याच्या टोकावरून थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

आणि इरलं भिंतीपासून सुटून वर उचललं गेलं... वाकलेल्या बाईने कंबर सरळ करावी, तसं.

खालून भाताच्या रोपांची जुडी पडली. हिरवीगार. मुळांना ओला चिखल.

चैत्रात भाताचं रोप?

कमळाकरांना कडी काढता येईना. सोमीनेच काढली. बाहेरून कुलूप घालताना पाहिलं, तर इरलं परत खिळ्यावर होतं.

इरलं कुणी दिलं ते वहीत होतं. वैशाखरे गावचा महादू. दोघं बैलगाडीने तिकडे गेले. म्हातारा अंगणात बसला होता.

"इरलं?" तो म्हणाला. "मी तं मासं धरायची टोपली दिली. इरलं माझ्या बायकूचं, धोंडीचं व्हतं. ते तिच्यासंगं जाळलं."

"कशी गेली ती?"

"लावणीत. वाकली ती उठलीच नाय."

परत येऊन कुलूप काढलं. खिळा रिकामा होता. खाली ओली पावलं, भिंतीकडे तोंड केलेली...

कमळाकरांनी वहीत 'हरवलं' असं लिहिलं. किल्ली सोमीच्या हातात ठेवली.

"आणि तू परत गेलीस कामाला?" मी मावशीला विचारलं.

"दोन पोरी व्हत्या रे. जाणार कुठं?"

मावशी पुढे म्हणाली, "सात वर्सं झाडलं तिथं. पण त्या भिंतीकडं पाठ नाय केली कधी."