हँगर वळणावरचं शिसं

"तीन," ब्रायनी स्वतःशीच पुटपुटली आणि भिजलेल्या वहीत तिसरी रेघ मारली.

"चार. दहाव्या फेरीतली तू चुकवलीस... नाक पुसत होतीस."

तिने दचकून मागे पाहिलं. रेसिंगच्या मळक्या पोशाखात एक तरुण कुंपणाला टेकून उभा होता. हातात बेकनचं सँडविच, केसांतून पाणी निथळतंय. त्याची गाडी तिसऱ्याच फेरीत बंद पडली होती आणि आता तो इतरांची शर्यत बघत बसला होता.

"वीस फेऱ्या, अठरा गाड्या आणि चार वेळा ओव्हरटेक," ती वैतागून म्हणाली. "ही काय शर्यत आहे? अंत्ययात्रा बरी!"

"अंत्ययात्रेत निदान चहा तरी मिळतो." त्याने अर्धं सँडविच पुढे केलं. "जॉस पेटिफर. आणि तू?"

"ब्रायनी. क्लबची तांत्रिक निरीक्षक... म्हणजे तुमच्या गाड्या तपासणारी."

"अरे देवा! मग सँडविच परत दे."

तिने दिलं नाही. ऑक्टोबरच्या त्या रटाळ रिमझिमीत दोघं हँगर वळणावर तासभर उभे राहिले. थॉर्नीफील्डचा ट्रॅक युद्धातल्या जुन्या धावपट्टीवर बांधलेला होता आणि हे वळण बाटलीच्या तोंडाएवढं अरुंद. एका वेळी एकच गाडी आत शिरायची, बाकीच्या मुकाट मागे. तोंड रुंद केलं तर आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन गाड्या शिरतील, असं ब्रायनीचं म्हणणं होतं. शिवाय जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला शिशाचं वजन टाकायचं. जितके विजय, तितकं ओझं.

"म्हणजे चांगलं चालवणाऱ्याला शिक्षा?" जॉसने डोळे मोठे केले.

"शिक्षा नाही. निकाल आधी कळू नये म्हणून."

"दुष्ट आहेस," तो म्हणाला. पण हसत म्हणाला... आणि ते हसू ती घरी घेऊन गेली.

हिवाळ्यात क्लबच्या समितीपुढे तिच्या नाकीनऊ आले. म्हातारे मुख्य निरीक्षक मिस्टर गॅड्सबी पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. वळण रुंद झालं, नियम बदलला. ओल्या ट्रॅकवर क्लबची जुनी गाडी कधी शिशासह, कधी शिशाविना पळवून तिने आकडे लिहून ठेवले आणि मार्चमध्ये नवा मोसम सुरू झाला.

आणि जिंकायला लागला कोण, तर जॉस!

दर विजयानंतर पुढच्या शर्यतीच्या सकाळी ती शिशाच्या पट्ट्या घेऊन त्याच्या गाडीपाशी यायची. चालकाने पाना फिरवायचा आणि निरीक्षकाने बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे नंतर कुणी हात लावला तर कळावं. एकदा तिने तोच ब्रश त्याच्या नाकाला लावला.

"हे कशासाठी?"

"सीलबंद. आता यालाही कुणी हात लावायचा नाही."

"तूसुद्धा?"

ती लाजून चूर झाली आणि रंगाचा डबा तिथेच विसरून गेली.

निरीक्षकांचा एक जुना दंडक होता. विचारल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही आणि विचारलं तर लपवायचं नाही. जॉसने त्याचा पार चोथा केला होता. "निरीक्षकबाई, उजव्या टायरला मी आवडतो का?" "निरीक्षकबाई, शनिवारी संध्याकाळी ब्रेक गरम होतात की तुम्ही मोकळ्या असता?" त्या शनिवारी ती मोकळी होती. त्यानंतरच्या सगळ्याच शनिवारी होती.

जुलैत जपानहून पत्र आलं. इथलं अजिंक्यपद जिंकणाऱ्याला तिथल्या संघात दोन वर्षांसाठी जागा. जॉसने ते तिला वाचून दाखवलं, मग घडी घालून खिशात ठेवलं. ब्रायनीने त्याचं अभिनंदन केलं. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक काळी गोष्ट येऊन बसली. तो हरला तर राहील. ही इच्छा तिला स्वतःच्या तोंडावर थुंकावं इतकी घाणेरडी वाटायची, तरी ती जात नव्हती.

सप्टेंबरमध्ये शेवटची शर्यत आली. जॉस आणि क्रेग हॅलम यांचे गुण बरोबरीत होते. दोघांत जो पुढे येईल तो अजिंक्य. क्रेगच्या गाडीत पंधरा किलो शिसं, जॉसच्या गाडीत पंचेचाळीस. आणि आकाश सकाळपासून फाटलेलं.

शिसं लावायला नियमात दोन जागा होत्या. चालकाच्या शेजारी किंवा मागच्या चाकांच्या वर. मागे लावलं की कोरड्या ट्रॅकवर गाडीची शेपूट फिरायची, म्हणून वर्षभर कुणी त्या जागेकडे पाहिलंही नव्हतं. पण ओल्यात मागची चाकं नुसतीच गरगरतात, तिथे वजन असलं की जमीन धरतात. हे ब्रायनीच्या हिवाळ्यातल्या आकड्यांत होतं, आणि ते आकडे कुणी कधी मागितले नव्हते.

जॉस नेहमीप्रमाणे शेजारच्या जागेत पट्ट्या ठेवू लागला. चेहरा उतरलेला.

"आज काही विचारायचं नाही?" तिने हळूच म्हटलं.

"मी गेलो तर... तुला वाईट वाटेल?"

"हा गाडीबद्दलचा प्रश्न नाही."

"मग राहू दे."

ती रंगाचा ब्रश हातात धरून उभी राहिली. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. कुणी बोट दाखवलं नसतं. संध्याकाळी तो हरून आला असता आणि तिने त्याला चहा दिला असता...

"जॉस, पाऊस पडतोय," ती म्हणाली. "विचार ना रे काहीतरी."

त्याने वर पाहिलं. एकदा तिच्याकडे, एकदा पट्ट्यांकडे, मग गाडीच्या मागच्या भागाकडे.

"शिसं कुठे लावू?"

"मागे."

मग ती तरातरा क्रेगकडे गेली, कारण न्याय म्हणजे न्याय. "क्रेग, पाऊस पडतोय. काही विचारायचंय?"

"हो," क्रेग म्हणाला. "चहा मिळेल का?"

शर्यतीत क्रेग पुढे आणि जॉस त्याच्या मागे, असं एकोणीस फेऱ्या चाललं. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना जॉस जवळ यायचा आणि पाण्याच्या फवाऱ्यात दिसेनासा व्हायचा. ब्रायनीचा जीव टांगणीला लागला होता आणि तो जीव नक्की काय मागतोय हे तिलाच कळत नव्हतं. शेवटच्या फेरीत हँगर वळणावर क्रेगने आतली बाजू अडवली. जॉसने बाहेरून, नव्या रुंद डांबरावरून गाडी घातली. दोघं खांद्याला खांदा लावून वळले. बाहेर पडताना क्रेगची चाकं गरगरली. जॉसची गरगरली नाहीत.

गाड्या ठेवायच्या पत्र्याच्या शेडमागे त्याने तिला गाठलं. हेल्मेटचे वळ गालावर तसेच होते.

"तू बोलली नसतीस तर मी इथेच राहिलो असतो."

"माहीत होतं."

"मग का बोललीस, वेडे?"

"कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे." इतकं सरळ ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "तू हरून राहिला असतास, तर मी तुला कसं ठेवून घेतलं हे मला रोज आठवलं असतं."

"चल माझ्याबरोबर."

"तुझ्या गाडीमागे फिरायला? नाही रे... माझं काम इथे आहे."

त्याने तिचा गार पडलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या ओल्या ओठांवर ओठ टेकवले. तेवढ्यात बक्षिसासाठी त्याच्या नावाचा पुकारा झाला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा तिनेच त्याला ढकललं.

मिस्टर गॅड्सबी धापा टाकत आले ते थेट तिच्याकडे. आनंदाने म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते.

"पोरी, मोजलेस का? एकतीस ओव्हरटेक! लोक छत्र्या फेकून उभे राहिले होते. शेवटच्या वळणापर्यंत कुणाला सांगता येईना कोण जिंकणार. तीस वर्षांत अशी शर्यत पाहिली नाही. ही तुझी शर्यत आहे, तुझी!"

"हो," ब्रायनी म्हणाली आणि हुंदका देऊन रडू लागली.

म्हाताऱ्याने कौतुकाने आपला रुमाल तिच्या हातात दिला आणि मोठ्याने हाका मारत तो बाकीच्यांना बोलवायला धावला... आपली पोरगी आनंदाने रडतेय, या, बघा तरी!